न उजळलेली बाटली

जुबेदा गेली हे मला तिच्या धाकट्या भावाच्या फोनवरून कळलं. मी प्रॅक्टिकल घेत होते. "बाई, आपा गेली," एवढंच दस्तगीरभाई म्हणाले... झोपेतच हृदय थांबलं होतं. आता महिना होत आला, तरी कॉलेजात तिच्या प्रयोगशाळेवरून जाताना मी आत डोकावतेच.

ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, मी रसायनशास्त्र. त्यामुळे आमची कायमची जुंपलेली. पाण्यात शिसं, कॅडमियम असले विषारी धातू असले की उजळणारे जिवाणू तिनं जोपासले होते. त्यांच्या बाटलीत पाणी घालायचं, अंधाऱ्या खोक्यात ठेवायचं आणि हिरवट उजेड दिसतो का बघायचं, असा तिचा बायोसेन्सर. "काजवे पाळलेस की काय?" मी चिडवायची. "तुझ्या महागड्या यंत्रापेक्षा बरे. खोटं बोलत नाहीत," ती फणकारायची.

खोटं बोलले नाहीत, पण एकदा गप्प बसले, आणि तेही तिच्या माहेरी. कोल्हापूरजवळच्या त्या गावात अंगणातच बोअर होती. शेजारी धातूंना मुलामा देणारं शेड उभं राहिल्यापासून तिला शंका होती. तिनं बाटली लावली, उजेड नाही. "पाणी चांगलं आहे," तिनं सांगून टाकलं. शेजारणी कळश्या भरून घेऊन गेल्या. मीही सोबत होते. परतीच्या वाटेवर मात्र ती गाडीत एकाएकी मला म्हणाली, "अगं, माझे जिवाणू मेले असले तर?" विष फार झालं की तेच मरतात, आणि मेलेले कुठून उजळणार! आम्ही गाडी वळवली. तेच पाणी तिनं पुष्कळ शुद्ध पाणी मिसळून दुसऱ्या बाटलीत लावलं. विष पातळ झालं, जिवाणू जगले आणि ही बाटली लख्ख उजळली.

"मघाशी चांगलं म्हणालीस न्हवं? आता गल्लीसमोर शब्द फिरवतीस व्हय?" दस्तगीरभाई भडकले. भावजयीनं आमच्यासाठी चहा टाकला होता. "माझा शब्द गेला तर जाऊ दे," म्हणत जुबेदानं ते पातेलं मोरीत ओतलं आणि घरोघर जाऊन कळश्या रिकाम्या करायला लावल्या. माहेरचा चहा असा ओतलेला भावाला फार लागला.

माझ्या यंत्रानंही तिचंच म्हणणं खरं ठरवलं. ती बोअर बंद झाली, भावाचा रागही निवळला. पण त्यानंतर ती माहेरी जायची ती स्वतःची पाण्याची बाटली घेऊनच. भाऊ दर वेळी हिरमुसायचा. "लांब नवी बोअर मार. दोन्ही बाटल्या लावते, मग तुझ्या हातचं पिते," ती त्याची समजूत घालायची.

नवी बोअर लागली, ती तिच्या मागे. परवा मी गेले तेव्हा दस्तगीरभाई तांब्या-पेला घेऊन आले. "आपाच्या कॉलेजातल्या पोरींनी दोन्ही बाटल्या लावून बघितल्या. एक बी उजळली न्हाय. चांगलं हाय की पाणी... प्या." मी प्यायले. पाणी गार होतं. मग त्यांनी दुसरा पेला भरला आणि तो कुणाला द्यायचा हे न सुचून तसेच उभे राहिले.