दाजींनी खोललेलं इंजिन

इंजिन खोलावं तर माझ्या दाजींनीच. आणि ते परत जोडताना बोल्ट पुरलेत, असं त्यांच्या गॅरेजात आजवर कधी झालेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या चुलत बहिणीचे, अक्काचे यजमान, माधवनगरला त्यांचं पत्र्याचं गॅरेज. बोल्ट हरवत नसत, दाजी ते वाटून टाकत. रस्त्यावर कुणाची गाडी बंद पडलेली दिसली की यांना राहवायचं नाही. मग समोर ज्याचं इंजिन उघडं पडलं असेल त्यातला मापाचा बोल्ट उचलून पळत सुटायचे. एकदा एका वऱ्हाडासाठी त्यांनी डॉक्टरांच्या गाडीचे बोल्ट देऊन टाकले. डॉक्टर बरेच दिवस सायकलवर दवाखान्यात जात होते. शेवटी तावातावानं आले, तर दाजी म्हणाले, "आवं, तुमची गाडी सावलीत हुबी हाय. ती मान्सं उन्हात हुबी हुती."

मी जतकडचा. शाळा सातवीत सुटली, मेंढरांमागं मन रमेना, तेव्हा दाजींनीच मला गाडी शिकवली आणि शब्द टाकून पाचगणीच्या एका मालकाची टॅक्सी मिळवून दिली. घरापासून इतक्या लांब दोन घास मिळतात ते या माणसामुळं. म्हणून टॅक्सीचं इंजिन उतरवायची वेळ आली तेव्हा दुसरीकडं न्यायला मन होईना, आणि दाजींकडं न्यायला छाती होईना. शेवटी नेली. व्हायचं तेच झालं. एक बोल्ट कुण्या कोल्हापूरकराबरोबर गेला, आणि त्याच दिवशी एसटीडी बूथवर मालकाचा निरोप आला : सुट्टीचे पाहुणे परवा येतायत, तोवर गाडी आली नाही तर चावी दुसऱ्याला.

जुनं इंजिन, आटे बारीक. सांगलीत मिळालेला बोल्ट आखूड निघाला. मिरजेत लांबी जमली तर आटे बसेनात. दाजी प्रत्येक दुकानात चहा घ्यायचे, दुकानदाराच्या पोरीबाळींची चौकशी करायचे. माझं फक्त रडायचं बाकी होतं.

"पाव्हणं, इंजिन काय पळून जातंय व्हय?"

"दाजी, नोकरी पळून चाललीया माझी!"

दाजींनी हातातला चहा तसाच ठेवला आणि मोटारसायकलला किक मारली. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात एका भंगारवाल्याच्या डब्यात बोल्ट सापडला. तो मुठीत धरून मी दाजींच्या मागं मोटारसायकलवर बसलो. आष्ट्याच्या अलीकडं एक गाडी बॉनेट उघडून उभी. बाई, पोरं बाभळीखाली. दाजींची मोटारसायकल आपोआप मंदावली, पाय खाली टेकला. मी मूठ आणखी आवळली. दाजींनी वळून माझ्या मुठीकडं पाहिलं.

"घट्ट बसा," म्हणाले, आणि गिअर टाकला.

दाजी अशा गाडीजवळून न थांबता गेलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. वळण येईपर्यंत ते सारखे मागं बघत होते. एकदा तर आम्ही उसातच गेलो असतो.

संध्याकाळी इंजिन सुरू झालं. अक्कानं ताट वाढलं, तर दाजी पान्यांची पिशवी घेऊन बाहेर पडले. "आलोच." आले तेव्हा भाकरी गार झाली होती.

"गाडी न्हाई तिथं. कुणीतरी हात दिला आसंल न्हवं, पाव्हणं?"

"दिला असंल, दाजी."

नोकरी राहिली. पण माधवनगरला गेलो की जेवताना मधेच घास थांबवून दाजी अजून तेच विचारतात, आणि मी अजून तेच सांगतो.