सुकेशनी बोलायची तेव्हा

सुकेशनी पहिल्यांदा माझ्या केंद्रात आली, ती मलाच विचारत, "मॅडम, जेवण झालं का? तब्येत बरी आहे ना?" सकाळचे दहा वाजले होते. आठ वर्षांची पोर, तेल चोपडलेल्या दोन वेण्या. आणलं होतं तिच्या भावाला, सुमेधला. तो स्वमग्न, एक शब्द बोलत नव्हता. वर्ध्यात मी अशा मुलांना बोलायला शिकवते. बोलक्या पोरीचं मला भारी कौतुक वाटलं.

चार वर्षं ती सिंदी मेघेहून आई-भावाबरोबर ऑटोने येत राहिली. तळहात मांड्यांखाली दाबून कोपऱ्यात बसायची. घरात सगळे 'मले-तुले' करणारे, ही मात्र माझ्यासारखी 'मला-तुला' बोलायची. काय गुणाची पोर आहे, असं मी येईल त्याला सांगायचे.

एकदा तिची आई, वंदनाताई, म्हणाली, "म्याडम, इलेबी पाहा ना. घरी आली का भितीकडे तोंड करून बसते. शाळेत एक मैत्रीण नाई. बाई म्हणते, काही असंल तं लिहून आणा, सांभाळून घेऊ."

"ताई, एकाने भागलं नाही का तुमचं?" असं बोलले मी. हो, हसत बोलले. वर दहा मिनिटं तपासलंही. मैत्रीण रडत असेल तर काय करशील? "जवळ बसेन, पाणी देईन, काय झालं विचारेन." सगळी उत्तरं बरोबर. मी लिहून दिलं, काही अडचण नाही.

पुढच्याच आठवड्यात सुमेधला तोच प्रश्न विचारला. तो पंख्याकडे बघत राहिला. उत्तर कोपऱ्यातून आलं, "जवळ बसेन, पाणी देईन, काय झालं विचारेन. शाब्बास! आता पुढचं चित्र." आवाज माझा, मधलं खाकरणंसुद्धा माझं. चार वर्षं मी भावाला शिकवत होते आणि पाठ ती करत होती. तिचं स्वतःचं असं वाक्य मी एकही ऐकलं नव्हतं. मुलगा गप्प असला की आम्ही धावतो. मुलगी गोड बोलते म्हटल्यावर कोण बघतंय? तो कागद लगेच परत मागायला हवा होता. मला लाज वाटली, म्हणून नाही मागितला.

शाळेत बाईंनी कागद वाचला. अडचण नाही, म्हणजे पोरगी मुद्दाम करते. मुली तिच्या बोलण्याच्या नकला करायच्या, बाई हसायच्या. ती कानांवर हात ठेवून बाकाखाली शिरली, की तिला वर्गाबाहेर उभं करायचे. असं दोन महिने रोज चाललं.

दिवाळीनंतर वंदनाताई तिला घेऊन आली. पोर दारातच उभी राहिली.

"पंधरा दिस झाले, बोलतच नाई. कोनाशीच नाई."

मी चित्रं दाखवली, नावाने हाका मारल्या. काही नाही. आता ती माझ्याकडच्या लक्षणांच्या तक्त्यात बरोबर बसत होती. पाच मिनिटांत मी चिठ्ठी लिहिली: स्वमग्नतेची शंका, पुढची तपासणी करावी.

वंदनाताईने ती सावकाश वाचली. "बोलत होती तवा काऊन नाई देल्ली, म्याडम?"

मी पुढच्या मुलाला आत बोलावलं.