रेंज यायच्या आत

सकाळी कणीक मळत होते, तेवढ्यात दार वाजलं. वाजलं कसलं, कोणीतरी बडवलंच. बाहेर शेजारचे शेषरावकाका. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, एरवी अंगणातूनच "येऊ काय ताई?" विचारणारे.

"ताई, स्कूटी काढा! बेबी मोबाईल घेऊन गेली!"

"काकू? मग काय झालं? बाजाराला जाणारा नेतोच की."

आमचं गाव खोलगटात. रेंज मिळते ती फाट्याच्या पुढच्या चढावर. काकांची पौर्णिमा मालवाहू जहाजावर इंजिनिअर, तिकडून तिची मेल येते. म्हणून घरातलं जो शेलूबाजारला जाईल, त्याच्याजवळ मोबाईल. मेल तिथं उतरते. घरी आणल्यावर काका चष्मा पुसून पुसून ती वाचतात. उत्तरही घरीच लिहितात आणि 'पाठवा' दाबून ठेवतात. मोबाईल पुन्हा रेंजमध्ये गेला की ते आपोआप निघतं. काका याला धूळपेरणी म्हणतात. बी कोरड्यात टाकून ठेवायचं, पाणी लागलं की उगवतं.

"पोरीनं लग्न ठरवलं," काका म्हणाले, "जहाजावरच्याच पोराशी. ठरवल्यावर आमाले सांगून राह्यली! काल रागात लिहलं म्या, आजपासून तू आमची कोणी नाही. अन् दाबून देल्लं."

कणकेच्या हातानंच मी चावी घेतली.

"काकूंना फोन..." म्हणता म्हणता थांबले. फोन लागायला रेंज हवी, आणि रेंज आली की मेल गेलीच!

फाट्यावर शेलूबाजारला जाणारी भाऊसिंगची जीप खच्चून भरून हलायला लागली होती. काका धावले आणि मागच्या पत्र्यावर एकच थाप मारली. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा. भाऊसिंगनं करकचून ब्रेक दाबला.

"काय कंडक्टरसाहेब, तिकिटं फाडता काय?"

"बेबी, मोबाईल दे."

"काहून? काय झालं?" आत बसलेल्या बेबीकाकूंनी पिशवीतून काढून दिला.

काकांनी तो माझ्यापुढे धरला. मी आधी विमानाचं चिन्ह दाबलं, म्हणजे रेंज आली तरी काही जायचं नाही, मग आउटबॉक्स उघडला. मेल तिथंच होती. काकांनी मोबाईल काकूंसमोर धरला. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"भाजी खारट झाली तं मलेबी असंच लिहून देसान?"

"पुसून टाक."

"तुमीच पुसा. लिहलं कोनं?"

काकांनी पुसलं. मग जीपच्या पायरीवर टेकून एकेक अक्षर शोधत लिहायला बसले.

"चला ना भाऊ, उशीर होऊन राह्यला!" आतून कोणीतरी ओरडलं.

"बस ना गुमान," भाऊसिंग म्हणाला.

काकांनी लिहिलेलं मला दाखवलं. "ताई, ते विमान काढा आता. जाऊ द्या."

एकच ओळ होती. 'बेटा, त्या पोराचा एक फोटो पाठव.'