सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा

मंडळी, संताप अजून उतरलेला नाही, म्हणून लगेच लिहिते.

माझी भाची नेहा खोडाळ्याच्या दवाखान्यात नर्स आहे. जव्हारहून रोज घाटरस्त्याने ये-जा करते. आता तिला स्वतःच्या कमाईतून पहिली गाडी घ्यायची आहे. जुनी, पण भरवशाची सेडान. आज सकाळी ती, तिचे बाबा आणि मी एक गाडी बघायला गेलो.

विकणारा बोलत होता फक्त तिच्या बाबांशी. "सिंगल ओनर आहे, साहेब. मुंबईच्या डॉक्टरांची गाडी. ताईंना रंग आवडला ना? मग झालं!"

"ताईंना ब्रेकही आवडायला हवेत," मी म्हटलं.

गाडी चकाचक होती आणि आत अत्तराचा घमघमाट. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर रोज कानामागचा मळ तपासायच्या, कारण तोंड सगळ्याच मुली धुऊन येत. मी नेहाला म्हटलं, "सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ."

एरवी आत गुंडाळलेल्या त्या पट्ट्यावर वाळलेला गाळ होता.

नेहाने शांतपणे विचारलं, "काका, पुरात गाडी कुठपर्यंत बुडाली होती?"

तो पुन्हा बाबांकडेच वळला. "साहेब, मुलीला जरा समजवा."

"तिला समजलंय," बाबा म्हणाले.

नेहाने चावी त्याच्या हातात ठेवली. "घाटात ही बंद पडली, तर ढकलायला तुम्ही येणार नाही."

जव्हार-मोखाड्यात कुणाच्या पाहण्यात चांगली सेडान आहे का? घाटात चालवून बघू देणार असाल, तरच कळवा. बोलणी नेहाशी करायची. मी फक्त पट्टा ओढायला येईन.