आमच्या गेटवरचे बगळे

ओहोटीच्या वेळी आम्ही दोघं कोपरीच्या खाडीत घोटाभर चिखलात उभे होतो. दोरीने आखलेल्या चौकटीत कांदळवनाची किती नवी रोपं धरलीत ते बघत होतो. तेवढ्यात माझ्या सहकाऱ्याचा फोन वाजला. जखमी पक्षी सापडला की लोक त्यालाच कळवतात.

"डोंबिवलीत एका सोसायटीने गेटवरचं झाड छाटलंय. बगळ्यांची पिल्लं पडलीत," म्हणत त्याने पत्ता वाचला. आमच्याच बिल्डिंगचा.

"तुमच्या गेटवर घरटी आहेत? कधी बोलली नाहीस!"

मी बुटाचा चिखल काढत राहिले. मला माहीतच नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा रेन ट्रीच्या अर्ध्या फांद्या रस्त्यात पडल्या होत्या. गाऊनवर ओढणी घेतलेली आई कपड्यांच्या बादलीत पिल्लं ठेवून त्यांना दूधपोळी भरवायला बघत होती. मला पाहताच म्हणाली, "आली बघा माझी मुलगी! हिला पक्ष्यांतलं सगळं कळतं."

शेजारी बाजूला सरकले.

"काकू, दूध नको. वंचक बगळ्याची पिल्लं आहेत, मासे खातात," सहकारी हळूच म्हणाला.

मी मात्र आवाज चढवला. "पावसाळ्यात फांद्या तोडायला सांगितलं कोणी?"

"मीच," आई म्हणाली. "सेक्रेटरींच्या मागे लागलेले. वाळत घातलेले कपडे रोज घाण व्हायचे. तुझ्या शर्टवरचे डाग तुला दाखवले नव्हते का गं? तू म्हणालीस, कावळे असतील, आत वाळत घाल."

माझे कान तापले. शीळफाट्याजवळच्या माळावर विष्ठेवरून प्राणी कसा ओळखायचा हे मी कॉलेजच्या मुलांना शिकवते. माझ्याच शर्टावरची शीट मी धड पाहिली नव्हती. सकाळी त्या झाडाखालून जाताना माझं डोकं मोबाईलमध्ये असायचं.

कोणी हसलं नाही. सहकाऱ्याने झाड छाटणाऱ्यांना थांबवलं आणि पिल्लं खोक्यात घेतली. उपचार केंद्रात नेताना त्यातलं एक रिक्षातच गेलं. उरलेल्या फांद्यांवरची घरटी मात्र टिकली.

संध्याकाळी आईने विचारलं, "सगळी जगतील ना?"

"एक गेलं."

तिने बादली घासायला घेतली. ती तिच्या हातून घ्यावी असं वाटलं, पण माझा पाय उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी खाडीवर सहकारी नेहमीसारखाच वागला, तो विषयच काढला नाही. त्याने चारचौघांत माझी चेष्टा केली असती तर बरं वाटलं असतं.