मेंदीवालीचं खातं

डोंगरकड्याला, आमच्या गावी, पुतणीच्या लग्नात मेंदी काढायला सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी आली होती. ओढणी कमरेला खोचून ती दुपारभर बायकांचे हात रंगवत बसली. मधूनच आखडलेली बोटं झटकायची, तेवढीच तिची विश्रांती.

पैसे द्यायला मी फोन काढला, तेव्हा तिनं पिशवीतून स्कॅनचं कार्ड पुढे केलं. फोनवर नाव आलं ते गावातल्या शिलाई मशीनच्या दुकानाचं.

"अगं, हे कुणाचं?"

"बराबर हाय काकू. माझं खातं न्हाई. बाबाच्या खात्यावर गेले की घरातच खर्च व्हतात. म्हणून दुकानदार काकाकडं जमा करून राहिले. पुरे झाले की मशीन माझी."

"आणि त्यानं दिलीच नाही तर?"

ती हसली. "दर बाजारला मी जाऊन ती मशीन पुसून येते. आता काकाच गिऱ्हाइकाला सांगतात, ही इकलेली हाय म्हणून."

दिवाळीला पुन्हा गावी गेले, तेव्हा न राहवून त्या दुकानात चौकशी केली.

"नेली की तिनं," दुकानदार म्हणाला. "हातगाड्यावर चढवली, आन् पार वळणापर्यंत मशीनवर हात ठेवून चालत गेली."