पेटी ऐकू येते, शीरा नाही

मोझेसकाका अष्टमकरांच्या रोह्याच्या घरात, बाहेरच्या खोलीत, एक जुना जपानी अँप्लिफायर आहे. पुढून चंदेरी, बाजूंना लाकूड आणि आवाजाचं बटण मुठीत धरण्याएवढं. काका धाटावच्या एका कंपनीत पर्मनंट झाले त्या वर्षी बोटीवर नोकरी करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी तो मुंबईत घेतला. सोबतचं तबकड्यांचं यंत्र पुढे मोडलं, टेपरेकॉर्डर आला आणि गेला. मग सिपोराकाकूंनी अँप्लिफायरवर क्रोशाचा रुमाल घातला आणि त्याचं टेबल झालं.

काकांची बेने इस्रायली माणसं, म्हणजे कोकणातले ज्यू, एकेक करून इस्रायलला गेली. धाकटी बहीण शीराही गेली. आता शनिवारी प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे तर फोन करून माणसं बोलवावी लागतात. काका मात्र इथेच राहिले. कुणी विचारलं तर म्हणत, "तिकडं मला वळखतंय कोन?"

यंदा शीराच्या नातीचं लग्न ठरलं. मेंदीच्या दिवसासाठी शीराने आईचं जुनं मराठी गाणं स्टुडिओत जाऊन, पेटी आणि ढोलकीच्या साथीवर रेकॉर्ड केलं. ते तिने भावाला व्हॉट्सॅपवर पाठवलं आणि लगोलग फोनही केला.

"मोबाईलवर ऐकू नको हां, भाऊ. तुझ्या त्या मोठ्या डब्यावर लाव. आई दारात बसून गायची ना, तसं भरभरून ऐकू यायला पायजे."

सिपोराकाकू तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला ठाण्याला गेल्या होत्या. घरात काका एकटेच. त्यांनी रुमाल काढला, धूळ झटकली, बटणांत साफ करायचा स्प्रे मारून ती पुढेमागे फिरवली. बाजारातून एक वायर आणली. तिच्या एका टोकाला मोबाईलमध्ये घालायची पिन, दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढरी अशा दोन. तबकडीच्या यंत्राची वायर जिथे असायची तिथेच त्यांनी सवयीने त्या दोन पिना खोचल्या. गाणं लावलं मात्र, स्पीकरमधून अशी फाटकी गर्जना आली की शेजारच्या अनिताने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

काकांनी घाईने बटण बंद केलं. डबा जळला की काय, अशी भीती वाटली. मग लक्षात आलं. तबकडीच्या सुईचा आवाज अगदी बारीक असतो, म्हणून त्या जागी तो कितीतरी पटीने वाढवला जातो. मोबाईलचा आवाज मुळातच मोठा. त्यांनी पिना काढून 'ऑक्स' लिहिलेल्या, बाहेरच्या इतर यंत्रांसाठीच्या, जागी घातल्या, पुढचं बटणही 'ऑक्स'वर फिरवलं आणि पुन्हा गाणं लावलं.

या वेळी गाणं सुरेख सुरू झालं. दोन्हीकडून पेटी आणि ढोलकी, मागे हलकीशी घूंघूं. काका खुर्चीत बसले आणि शीराची वाट पाहू लागले.

शीरा आलीच नाही. म्हणजे होती, पण विहिरीच्या तळाशी बसून कुणी गुणगुणावं तशी. शब्द एकही लागेना. त्यांनी आवाज वाढवला, तर पेटी आणि ढोलकीच वाढली.

 सगळी नोकरी काकांनी कॉम्प्रेसरच्या खोलीत काढली होती. कानात घालायला बोळे मिळायचे, ते बहुतेक वेळा खिशातच राहायचे. म्हातारपणी वडिलांना ऐकू येईनासं झालं होतं. टीव्हीच्या आवाजावरून सिपोराकाकू वर्षभर कटकट करत होत्याच. आता काकांनी सगळं जोडून पाहिलं आणि त्यांना वाटलं, आपले कान गेले. आणि गेले तेही असे, की पेटी ऐकू येते, ढोलकी ऐकू येते, माणूस तेवढा ऐकू येत नाही.

तेच गाणं नुसत्या मोबाईलवर लावून बघणं सोपं होतं. पण त्यांचा धीर झाला नाही. तिथेही शीरा ऐकू आली नाही तर मग शंकेलाही जागा उरणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी शीराचा फोन आला. "कसं वाटलं?"

"पेटीवाला चांगला हाय गो."

"आणि मी?"

"तू काय, आईसारखीच," काका म्हणाले आणि दाराशी कुणीतरी आल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवला. फोनवर ती नीट ऐकू आली होती. पण ती आधीपासूनच ओरडून बोलते, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

अखेर कुणाला न सांगता ते पेणला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर अलिबागला शिबिराला गेलेले; दवाखान्यातल्या माणसाने दोन दिवसांनी यायला सांगितलं. परतीच्या गाडीत काकांना घरी जावंसं वाटेना. ते कासूला उतरले आणि काळुराम म्हात्र्यांच्या घरी गेले. काळुराम म्हणजे कंपनीतला त्यांचा शिफ्टचा सोबती, त्याच कॉम्प्रेसरच्या खोलीतला.

काळुरामच्या बायकोने, जनीवहिनींनी, चहा ठेवला. काकांनी सगळं सांगितलं. 

"माणसाचाच आवाज जातो व्हय असा?" काळुराम म्हणाले. "मी नाय ऐकलं कधी. चल, मला ऐकव."

"आत्ता?"

"मग कधी? मी काय शिफ्टला चाललोय?"

दोघं रोह्याला आले. काकांनी गाणं लावलं. काळुराम स्पीकरसमोर मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उघडले.

"बाई कुठं हाय यात?"

"तुला पन नाय ऐकू येत?"

"पेटी येतेय. ढोलकी येतेय. बाई नाय."

काकांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "काळुराम, आपन दोघं एकाच खोलीत होतो रे."

 काळुरामनी नकळत कानाला हात लावला. दोन म्हातारे एकमेकांकडे बघत बसले आणि पेटी वाजत राहिली.

मग काळुराम उठले. या घरी नेहमीचं येणंजाणं असल्याने शेजारीण त्यांच्याही ओळखीची होती. खिडकीशी जाऊन ते ओरडले, "अनिता! गो अनिता! जरा ये बघू इकडं!"

अनिता पीठ लागलेल्या हातांनीच आली. तिने आयुष्यात कधी कंपनीत पाऊल टाकलं नव्हतं. तिचे कान इतके तिखट की गल्लीच्या टोकाला कुकरची शिट्टी झाली तर कुणाच्या घरची ते सांगायची.

"ऐक," काका म्हणाले. "गानारी बाई ऐकू येते का?"

अनिताने मान तिरकी करून ऐकलं. "बाई? यात थोडीच कोन गातंय. नुसती पेटी न् ढोलकी हाय. मागं कायतरी कुजबुजल्यासारखं वाटतंय."

काका मटकन खुर्चीत बसले. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही आलं. "माजे कान हायत," ते म्हणाले. "कान हायत माजे!"

"माजे पन हायत," काळुराम म्हणाले. त्यांनाही हायसं वाटलं होतं, पण ते दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

आता भीती गेल्यावर काकांचं डोकं चालू लागलं. त्यांनी नुसत्या मोबाईलवर गाणं लावलं. शीरा गात होती. स्पष्ट, शब्द न् शब्द. म्हणजे गडबड वायरीत होती. काकांनी मोबाईल उलटसुलट करून पाहिला. जावयाने बसवलेलं जाड रबरी कव्हर त्यावर होतं आणि त्याच्या कडेमुळे पिन पुरती आत जातच नव्हती. पिनेवरच्या तीन जोडांपैकी शेवटचा, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सामाईक असलेला जोड अधांतरी राहिला होता. त्यामुळे दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं एकमेकांतून वजा होत होतं आणि फक्त वेगळं तेवढं उरत होतं. रेकॉर्डिंगमध्ये पेटी एका बाजूला होती, ढोलकी दुसऱ्या बाजूला, म्हणून ती वाचली. शीरा बरोबर मधोमध उभी राहून गायली होती, म्हणून तीच नाहीशी झाली.

काकांनी कव्हर सोलून काढलं आणि पिन आत दाबली. खट् आवाज झाला. घूंघूं थांबली आणि दोन स्पीकरांच्या मधोमध, जिथे नुसती भिंत होती तिथून, शीरा गाऊ लागली. आवाज आता पोरसवदा राहिला नव्हता, वरच्या सुराला थोडा कापत होता. पण ओळीच्या शेवटी श्वास सोडायची आईची सवय त्यात जशीच्या तशी होती. अनिता पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "परत लावा." काकांनी परत लावलं.

त्यांनी शीराला फोन केला तेव्हा मागे गाणं चालूच होतं. तिच्या लक्षात आलं. "परवा तर म्हणालास, ऐकलं म्हणून!"

"परवा तुज्या पेटीवाल्याला ऐकलं. आज तुला ऐकतोय," काका म्हणाले आणि झाला प्रकार सांगितला. पलीकडे शीरा इतकी हसली की तिला खोकला लागला.

ठरल्या दिवशी काका पेणच्या डॉक्टरांकडे गेलेच, काळुरामनाही सोबत घेऊन. दोघांचेही कान तपासले. बारीक, उंच सूर दोघांनाही थोडे कमी येतात, पण वयाच्या मानाने बरं आहे, पाच-सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर काळुरामनी आपला नवा मोबाईल काढला. त्याला पिन घालायचं भोकच नव्हतं.

"माजं भजन तुज्या डब्यावर कसं लागनार?" त्यांनी विचारलं.

काका त्यांना पेणच्या बाजारात घेऊन गेले आणि चार्जिंगच्या जागी बसणारा, पिनेचं भोक असलेला छोटा जोड विकत घेतला. दुकानदाराला त्यांनी आधी मोबाईलचं कव्हर काढायला लावलं, जोड आत पुरता बसतोय ना ते स्वतः दाबून पाहिलं, आणि मगच दोघं स्टेशनकडे निघाले.